मोडीतून रस्त्यावर (भाग ४) : किलोवर की नगावर?

भंगाराच्या वखारीत एकाच लोखंडाचे दोन भाव असतात. काट्यावर चढलं तर किलोचा, मालकाने बाजूला काढून ठेवलं तर नगाचा. कालपर्यंत किलोवर जायला निघालेला गिअरबॉक्स तुम्ही दोनदा वाकून पाहिलात की जागच्या जागी नगावर येतो. जुनी पिकअप थोड्या पैशांत उभी करायची असेल, तर या दोन भावांमधली फट ओळखता आली पाहिजे. घासाघीस त्यानंतरची.

कोल्हापुरात ही फट जरा जास्तच रुंद आहे, कारण इथे भंगाराला दोन गिऱ्हाइकं आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांना बिडाचं भंगार लागतं. फुटका ब्लॉक, झिजलेला ब्रेक ड्रम, तडकलेलं हाउसिंग १४०० अंशांच्या वर वितळून पुन्हा कुठल्यातरी इंजिनाचं कास्टिंग होतं. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे गॅरेजवाला. त्याला तोच ब्लॉक न वितळवता हवा असतो. वखारवाल्याला भट्टीचा भाव रोज ठाऊक असतो. गॅरेजचा भाव तो तुमच्या चेहऱ्यावर वाचतो, म्हणून यादी खिशात आणि चेहरा कोरा ठेवून जावं.

मागच्या तीन भागांत आपण गाडी निवडली, कागद तपासले आणि ती नटबोल्टापर्यंत उघडली. केबिन एका बाजूला, हौदा दुसऱ्या बाजूला, चेसिस ठोकळ्यांवर आहे. आता प्रत्येक भागासमोर तीनपैकी एक शब्द लिहायचा आहे : जुना, नवा किंवा करून घ्यायचा. बहुतेक हौशी लोक पहिले दोनच रकाने आखतात आणि तिथेच पैसे घालवतात. या गावाची खरी कमाई तिसऱ्या रकान्यात आहे.

उदाहरणासाठी आपण महिंद्राची डीआय इंजिनाची पिकअप घेतली आहे, ती मुद्दाम. कमांडर, मार्शल, सुरुवातीची बोलेरो डीआय, पिकअप अशा अनेक गाड्यांना हे २५२३ सीसीचं इंजिन होतं, त्यामुळे माल मिळतो. शिवाय त्याचं कूळ शेतातलं आहे. १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून भारतात ट्रॅक्टरची कंपनी काढली. बी-२७५ हा तिचा गाजलेला ट्रॅक्टर, आणि त्याच घराण्यातलं डिझेल इंजिन पुढे जीपच्या बॉनेटखाली आलं. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. आकडे अडनिडे वाटतात ना? इंचात मोजा : साडेतीन आणि चार. साहेब गेला, मेट्रिक आलं, पण त्याचे इंच आपल्या गाड्यांच्या पोटात राहिले.

याचा फायदा असा की शिरोळपासून कागलपर्यंतच्या ऊसपट्ट्यात ज्या मिस्त्रींचं आयुष्य ट्रॅक्टर उघडण्यात गेलं, त्यांना हे इंजिन परकं नाही. पण कूळ एक म्हणून ट्रॅक्टरचा प्रत्येक पार्ट गाडीला बसतो असं समजू नका. भावकी असली तरी सातबारा वेगळा असतो. पार्ट नंबर जुळवल्याशिवाय पाकिटाला हात लावायचा नाही.

पार्टांसाठी मोडीतली आख्खी गाडी घ्यायची असेल, तर ती कुठल्या हवेत जगली हे आधी विचारा. आंबा घाट, फोंडा घाट किंवा गगनबावडा चढून कोकणातून आलेल्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स कधीकधी फार चांगले निघतात. पण खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तिचा पत्रा आतून खातो. दाराच्या खालच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर टोचला की सरळ आत जातो. जत, मंगळवेढा, विजापूरकडच्या कोरड्या मुलखातल्या गाडीचं उलट असतं : पत्रा ठणठणीत, पण धुळीने बोअर झिजलेले. एअर फिल्टर वेळेवर न बदलणाऱ्या मालकाची गाडी त्या मुलखात लवकर धूर टाकायला लागते. तेव्हा पत्र्यासाठी पूर्वेला बघा, लोखंडासाठी पश्चिमेला. दुधाच्या फेऱ्या मारलेल्या गाडीचा हौदा मात्र, गाडी कुठल्याही दिशेची असो, खालून बघितल्याशिवाय घेऊ नये. सांडलेलं दूध आंबतं, त्यातलं आम्ल आणि रोजचं धुणं मिळून तळाचा पत्रा आणि आडव्या पट्ट्या सडवतात. वरून रंग मारला की हौदा छान दिसतो. फाळका उघडून टाचेने दोन-चार ठिकाणी जोर देऊन पाहा.

पुरातली गाडी हा आपल्या जिल्ह्याचा खास विषय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पाण्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि कितीतरी गाड्या पाण्याखाली राहिल्या. त्यातल्या बऱ्याच विम्यातून निकालात निघाल्या आणि सुट्ट्या होऊन बाजारात पसरल्या. त्यांचे पार्ट अजूनही समोर येतात. ते वाईटच असतात असं नाही. काचा, पाटे, बंपर, एक्सलचं हाउसिंग यांना पाण्याचं काही वाटत नाही. स्टार्टर आणि अल्टरनेटर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि वायरिंगचा तर विचारच नको. तांब्याची तार आतून हिरवी पडत जाते आणि दिवा कधी दगा देईल सांगता येत नाही. ओळखायचं कसं? डॅशबोर्डच्या मागे हात घालून बोटं बघा, सीटखालच्या स्प्रिंगा बघा, हेडलाइटच्या आत खालच्या बाजूला मातीची रेघ आहे का ते बघा. धुणारा माणूस बाहेरून धुतो, तिथपर्यंत पोचत नाही.

पुरातल्या इंजिनाचं दुखणं वेगळं. पाणी भरलेल्या इंजिनाला कुणीतरी उतावीळपणे स्टार्टर मारलेला असतो. डिझेल इंजिनाला हवा अठरा-वीस पट दाबायची सवय, पण पाणी दबत नाही. पिस्टन वर येऊन अडतो आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. तो इतका थोडा वाकतो की डोळ्यांना दिसत नाही, पण चालू इंजिनात काही महिन्यांनी तुटून ब्लॉकच्या बाहेर डोकावतो. असं इंजिन घ्यायचंच झालं तर चारही पिस्टन वरच्या टोकाला आणून ब्लॉकच्या पृष्ठभागापासून त्यांची उंची मोजून घ्या. एखादा खाली राहत असेल, तर त्याचा रॉड वाकलेला असण्याची दाट शक्यता.

आता रकाने भरू. ‘जुना’ या रकान्यात काय जावं याची माझी कसोटी सोपी आहे : जो भाग सावकाश झिजतो आणि झिजल्याचं दाखवतो, तो जुना चालेल. कमानपाटे जुने घ्या, पण भेग नसलेले. थकलेले पाटे तापवून, गोलाई देऊन पुन्हा उभे करता येतात. गाडी वाळूची किंवा विटांची असेल तर आधीच्या मालकाने कंपनीच्या पाट्यांत एक-दोन जास्तीचे घातलेले सापडतील. ते काढा आणि चेसिसवर पाट्याचं ब्रॅकेट जिथे बसतं तिथे केस-भेगा शोधा, कारण जादा ओझ्याचं बिल तिथे फाटतं. गिअरबॉक्स जुना चालतो. डिफरेन्शियलही चालतं, पण क्राउन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेली असते. एकीचा क्राउन आणि दुसरीचा पिनियन असा संसार टिकत नाही, कायम ओरडत राहतो. रेशोही तपासा. दाते मोजा आणि आपल्या जुन्याशी ताडून पाहा, नाहीतर गाडी चढाला रडेल किंवा महामार्गावर नुसती घोंगावेल.

‘नवा’ हा रकाना छोटा असला तरी तिथे तडजोड नको. जे एका क्षणात आणि न सांगता दगा देतं ते सगळं नवं : ब्रेकचे होस, व्हील सिलिंडरच्या किट, ब्रेक लायनर, टाय रॉडचे एंड, ऑइल सील, डिझेलचे रबरी पाइप, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट. व्हील बेअरिंगही इथेच लिहा. रबराला वय असतं. वखारीत सावलीत पडलेला होस हाताला मऊ लागतो, पण आतून फुगून त्याची वाट अरुंद झालेली असते. त्यातून ब्रेक लागतो आणि सुटत नाही. ‘जवळजवळ नवे’ टायर म्हणून जे दाखवतात त्यांच्या बाजूवरचे चार आकडी अंक वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांपूर्वीचं वर्ष दिसलं की पुढे चला.

आणि आता ‘करून घ्यायचा’. यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात यावं लागतं. हे गाव पार्ट विकत घेण्याआधी तो करता येईल का बघतं, आणि ही खोड जुनी आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणला, त्यावर डोकं लावलं आणि आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८ साली इथेच सिनेमाचा कॅमेरा बनवला. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावं उद्यमनगरात आजही आदराने घेतली जातात, कारण शेतीपंपाची आणि गुऱ्हाळांची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता या गावाने इंजिनं घडवायला घेतली, त्या पिढीची ती माणसं. आज पिस्टन शिरोलीत बनतात, बेअरिंग गोकुळ शिरगावात. बाहेरगावच्या मिस्त्रीला ‘मागवावा लागेल’ असं वाटणारा माल इथे दोन गल्ल्यांच्या पलीकडे असतो.

क्रँकशाफ्टचंच बघा. आपल्या गाडीची क्रँक बाहेर काढली, डिझेलने धुतली आणि जर्नलवरून नख फिरवलं. नख अडकलं तर ग्राइंडिंग आलं. ग्राइंडिंगला देण्याआधी भेग तपासायची. मोठ्या वर्कशॉपात त्यासाठी चुंबकाची मशीन असते. ती नसेल तिथे मिस्त्री क्रँक दोरीला उभी टांगतात आणि हातोडीने हलका टोला देतात. नाद लांबला तर ठीक, बद्द आवाज आला तर शंका. मग रॉकेल लावून पुसून घेतात आणि वर खडूची पूड मारतात. भेग असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर एक काळसर रेघ उमटते. बहुधा जर्नल आणि वेबच्या कोपऱ्यात. रेघ उमटली की ती क्रँक किलोवर.

रेघ नसेल तर मायक्रोमीटर लागतो. एकाच जर्नलला दोन दिशांनी, दोन्ही टोकांना मोजायचं, म्हणजे ते अंडाकार झालंय की निमुळतं ते कळतं. मग मिस्त्री म्हणतात, “मालक, मेन दहाला हुईल, बिगेंड वीसला काढाय लागंल.” हे दहा, वीस, तीस म्हणजे इंचाचे हजारावे भाग. पुन्हा साहेबाचाच इंच. दहाला म्हणजे पाव मिलिमीटर कमी, वीसला अर्धा, तीसला पाऊण. त्या मापाची जाड बेअरिंग बाजारात तयार मिळतात. म्हणून जुनी क्रँक घेताना पहिला प्रश्न हाच : आधी कितीला निघाली आहे? तीसला निघून गेलेली क्रँक पुढच्या वेळी जवळजवळ निकामी असते, शिवाय वरचा कठीण थरही उतरलेला असू शकतो. झिरोची किंवा दहाची मिळाली तर नगाचा भाव आनंदाने द्या.

ग्राइंडिंग मशीनवर उभं राहून एक गोष्ट मात्र डोळ्यांनी बघा. जर्नल जिथे वेबला मिळतं तो कोपरा चौकोनी नसतो, त्याला बारीक गोलाई असते. घाईत काम उरकणारा चाकाची कड नीट न करता थेट आत घुसवतो आणि तिथे तीक्ष्ण कोपरा तयार होतो. माप बरोबर येतं, चकाकी येते, बिल होतं. आणि क्रँक पुढे त्याच कोपऱ्यातून तुटते. चांगला ग्राइंडर चाकाला आधी हिऱ्याच्या टोकाने गोलाई देऊन घेतो. काम देण्याआधी त्याला “कोपऱ्याची गोलाई ठेवणार ना?” एवढंच विचारा. समोरच्याला कळतं की माणूस माहितगार आहे.

ब्लॉकचंही तसंच. बोअर झिजले म्हणून ब्लॉक टाकायचा नसतो. बोअर करून वरच्या मापाचे पिस्टन किंवा नवी स्लीव्ह घालून मूळ मापाचे, असे दोन्ही रस्ते मोकळे असतात. हेडचा पृष्ठभाग वाकलाय का ते पट्टी आणि फीलर गेज लावून बघा. डिझेलचं हेड मात्र हवं तितकं फेसिंग करून चालत नाही, कारण व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातली जागा मुळातच थोडी असते. ब्रेक ड्रमला जास्तीत जास्त किती व्यास चालतो ते बहुधा ड्रमवरच कोरलेलं असतं. लेथवर साफ करताना त्याच्या पलीकडे गेला की तो ड्रम फाउंड्रीचा. गनमेटलचे बुश, पिना, वॉशर हे तर टर्नरने चहा निवेपर्यंत काढून द्यायचं काम.

बिडाला पडलेली भेग हा वेगळा कारभार आहे. ते थंड असताना वेल्डिंग मारलं तर भेग शेजारी सरकते. आधी पूर्ण भाग तापवायचा, निकेलच्या रॉडने थोडं थोडं भरायचं आणि मग चुन्यात किंवा राखेत गाडून रात्रभर निवू द्यायचं. हे काम मन लावून करणारे हात आता कमी होत चालले आहेत. नवी पोरं सीएनसीवर जातात, त्यात त्यांची चूकही नाही. असा एखादा जुना वेल्डर ओळखीचा असेल तर त्याला जपा.

स्वतःचा ब्लॉक वाचवण्यात एक कायदेशीर फायदाही आहे, आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. आतली क्रँक, पिस्टन, रॉड बदलले तरी आरसी बुकावरचा नंबर तोच राहतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मंजुरीशिवाय इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच कलम कडक लावलं : कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. तेव्हा हौदा वाढवणं, चेसिस लांबवणं, भलत्याच कंपनीचं इंजिन चढवणं हे गॅरेजात कितीही सहज झालं तरी पासिंगला अडतं. मालवाहू गाडी आठ वर्षांवरची झाली की पासिंग दर वर्षी, आणि पंधरा वर्षांनंतरची फी एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे. गाडी पोटासाठी चालवणार असाल तर हा खर्च आधीच हिशेबात धरा.

कधीकधी हिशेब उलटा लागतो, तेही सांगून टाकतो. चेसिस दोन-तीन ठिकाणी सडलेली असेल, तर पुढचा सगळा खर्च वाळूत पाणी. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी. २०२१च्या धोरणानुसार तिथे नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के इतकं मोल अपेक्षित आहे, आणि मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. भावना वेगळी, चेसिस वेगळी.

वखारीतून बाहेर पडताना बिल घ्या, मग ते साध्या पावतीवरचं का असेना. त्यावर कुठल्या गाडीचा कुठला भाग, आणि ब्लॉक असेल तर त्याचा नंबर लिहून घ्या. नंबर घासलेला, नव्याने ठोकलेला किंवा वेल्डिंगने बुजवलेला ब्लॉक फुकट मिळाला तरी नको, कारण चोरीच्या गाडीचे पार्ट याच वाटेने येतात. आपल्या चेसिसवरच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने प्रिंट आत्ताच काढून ठेवा. आरटीओत हीच प्रिंट मागतात. पत्र्याचं काम सुरू झालं आणि पेंटरने लांबीचा थर तिथेही ओढला की मग पासिंगच्या दिवशी भर उन्हात पॉलिश पेपर घेऊन बसावं लागतं.

पुढच्या आठवड्यात ब्रेक आणि स्टिअरिंग : मास्टर सिलिंडरपासून मागच्या ड्रमपर्यंत, आणि किंगपिनचे बुश बसवताना रीमर का लागतो. तोपर्यंत यादी तीन रकान्यांत करून ठेवा.